खडूशिवाय

मुरिएल आर्मिटेज, वय ब्याऐंशी,
हडर्सफील्डच्या आमच्या उतरत्या गल्लीत
घर नंबर एकोणीस. माझं एकवीस.
पंधराव्या वर्षी गिरणीत लागली, मेंडिंगला.
पहिल्या दिवशी तिला सांगितलं होतं म्हणे,
पोरी, डोळे मीट.

सुटाचं लोकरी कापड, सत्तर वार,
उत्तरेच्या खिडकीपाशी तिरपं टेबल,
आणि बोटं सरकत जायची
गाठ लागेपर्यंत.

"आमच्या आधी पर्चर बघायचा," ती सांगते,
"कापड उजेडात टांगून. खोट दिसली की खडूची खूण.
मग आम्ही."
आणि चहात दूध ओतता ओतता विचारते,
"तुमच्या त्या पेशीत खूण कोण करतं?"

सहा वर्षं मी लीड्सच्या लॅबमध्ये
एकाच एन्झाइमच्या मागे आहे.
कुणी नाही, मी म्हणाले.
खडू नाहीच, मुरिएल.
आणि हे बोलताना मलाच जरा गार वाटलं.

कारण बिघडायला शत्रू लागत नाही.
पाणी पुरतं. नुसतं पाणी,
ज्यात आपण आहोत तेच.
ते सायटोसिनचा एक कोपरा खुडतं
आणि जागेवर यूरॅसिल उरतं,
सभ्य, जवळजवळ तसंच,
चुकीचं.
एका पेशीत दिवसाला शंभरदा तरी.
तू बिस्किट बुडवतेस तेवढ्यातही कुठे ना कुठे.

मग माझं एन्झाइम. त्याला डोळे नाहीत.
पिळावरून घसरत जातं, जोडी किंचित वाकवून बघतं.
घट्ट असते ती तशीच राहते,
सैल असते ती बाहेर कलंडते
थेट त्याच्या खोबणीत,
आणि खोबणी अशी बेतलेली
की यूरॅसिलशिवाय काही नीट बसतच नाही.
देठ तुटतो.

"आणि भोक?"
तिला पहिल्यापासून भोकांचंच पडलेलं.

भोक राहतं. अक्षर गेलं, नुसता दोरा.
खोटीपेक्षा भोक वाईट,
म्हणून ते लगेच उठत नाही,
त्या रिकाम्या जागेला धरून बसतं
दुसरं येईपर्यंत.
दुसरं दोरा कापतं. तिसरं
समोरच्या पट्टीकडे बघून तेवढंच अक्षर भरतं.
चौथं टाका घालतं.
"समोरचं बघूनच ना?"
हो.
"मग ठीक."

मी तिला सांगितलं, इचलकरंजीत
माझी वेणूआत्या मेंडिंगला जायची.
कामाला नाही, शिफ्टला नाही, मेंडिंगला.
कितीतरी वर्षं मला तो मराठीच शब्द वाटायचा.
मुरिएल इतकी हसली
की चष्मा काढून पुसावा लागला.

मग तिनं टीपॉटखालचं पत्र पुढे सरकवलं.
ऑड्रीचं, धाकट्या बहिणीचं, इस्पितळातून आलेलं.
आतड्यात गाठी, चाळीसच्या वर.
एका दुरुस्तीच्या जीनच्या दोन्ही प्रती निकामी.
मी दोनदा वाचलं.
हे माझं एन्झाइम नव्हे, मुरिएल, हे दुसरं.
श्वासातला ऑक्सिजन ग्वानिनला गंज चढवतो,
गंजल्यासमोर चुकून अडेनिन येऊन बसतं,
ते उचलून टाकणारं.

"म्हणजे मेंडरमध्येच खोट."
मी काही बोलले नाही.
बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा उतारावरून
खडखडत खाली नेत होतं.
"दोघींची आई तीच, वडील तेच," ती म्हणाली.
"माझीही तपासणी करतील आता."
करतील, मी म्हणाले. चारात एक, असं काहीतरी.
हिशेब आठवत होता, आवाज सापडत नव्हता.

निघायला उठले, कोट चढवला.
तिनं बाही धरली, म्हणजे चाचपली,
मनगटापासून कोपराकडे, खिडकीबाहेर बघत.
एका ठिकाणी अंगठा थांबला.
"इथे."
मला काहीच दिसलं नाही.
"सुई त्या पिवळ्या डब्यात आहे, आण.
तोवर मी धरून ठेवते."